सत्तरीची केरी की पेडण्याची केरी?

गोव्यात केरी नावाची तीन गावे आहेत. एक आमच्या फोंडा तालुक्यात, विजयादुर्गेच्या देवळामुळे सर्वांना ठाऊक असलेले. दुसरे सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. आणि तिसरे पेडण्यात, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे. गेल्या मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी कोल्हापूरला जायचे ठरले, तेव्हा आमच्या घरात पंधरा दिवस चाललेली चर्चा मुळात एवढीच होती, की गाडी सत्तरीच्या केरीकडे न्यायची की पेडण्याच्या केरीकडे. सत्तरीच्या केरीवरून घाट चढला तर बेळगाव, निपाणी करीत दुपारच्या जेवणाला कोल्हापूर गाठता येते. पेडण्याच्या केरीवरून गेले तर समुद्राच्या कडेकडेने देवगड तालुक्यापर्यंत जायचे, तिथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढून कोल्हापूरला पोहोचायचे. यंदाचा मे तोंडावर आला आहे आणि ओळखीतले दोघे-तिघे हाच प्रश्न घेऊन आले, म्हणून आम्ही काय ठरवले, का ठरवले आणि प्रत्यक्षात काय अनुभवास आले, ते सविस्तर लिहून ठेवतो आहे.

गाडीत आम्ही चौघे होतो: मी, पत्नी, नऊ वर्षांची लेक आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई. लेकीला वळणांच्या रस्त्यावर गाडी लागते. आईचे गुडघे दीड तासाहून अधिक वेळ वाकवून ठेवता येत नाहीत. वाट निवडताना आपण नकाशा पाहतो, किलोमीटर मोजतो, पण माझ्या मते पहिला विचार करायला हवा तो मागच्या सीटवर बसणाऱ्यांचा, कारण उन्हाळ्यात प्रवासाचा खरा ताण चालकापेक्षा त्यांनाच अधिक सोसावा लागतो.

घाटाची वाट मला पाठ आहे. फोंड्याहून उसगाव, होंडा करीत साखळी, तिथून केरी, अंजुणे धरणाच्या बाजूने चोर्ला घाट, मग कणकुंबी, जांबोटी आणि बेळगाव. पुढे राष्ट्रीय महामार्गाने निपाणी आणि कोल्हापूर. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, वेळ सुमारे पाच तास. फोंडेकरांना मोले-अनमोडची वाट अधिक सरळ वाटते, परंतु तिकडे अवजड वाहनांची रांग लागली की पुढे काढायला जागा मिळत नाही, त्यामुळे लहान गाडी असेल तर मी चोर्लाच निवडतो. आंबोलीची वाट सुंदर आहे, पण ती सावंतवाडीकरांच्या सोयीची; फोंड्याहून तिच्यासाठी आधी उत्तरेकडे बरेच जावे लागते.

घाटाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात तिथला दुपारचा पारा पणजीच्या बरोबरीने किंवा थोडा वरही असतो, तरी संध्याकाळ झाली की हवा मोकळी होते आणि रात्री पंख्याशिवाय झोप लागते. किनाऱ्यावर पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे क्वचित जातो, मात्र हवेत पाण्याचा अंश इतका असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. आपल्याकडे उकाडा म्हणतात तो हाच. घाटावर ऊन पोळते आणि किनाऱ्यावर उकडते, हा फरक वृद्ध माणसांना आपल्यापेक्षा लवकर जाणवतो, आणि पत्नीचा सारा कल त्यामुळे घाटाकडे होता.

माझे मन मात्र आदल्या वर्षीच्या एका प्रसंगामुळे घाटाच्या बाबतीत कचरत होते. तेव्हा निघण्यापूर्वी गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली होती आणि "सगळे बघितले आहे, निर्धास्त जा" असे सांगण्यात आले होते. घरातून निघायलाच साडेअकरा वाजले. केरी सोडून चढ सुरू झाला तेव्हा एक वाजत आला होता, एसी पूर्ण चालू होता आणि पुढे बेळगावकडे परतणारा रिकामा टेम्पो दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चालला होता. पाचव्या-सहाव्या वळणावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेलेला दिसला. गाडी कडेला एका किंजळीच्या सावलीत घेतली, बॉनेट उघडले, तर कूलंटच्या नळीची पकड ढिली होऊन अर्धे कूलंट रस्त्यावर सांडून गेले होते. झाकण तापलेले असताना उघडायचे नसते, एवढे ज्ञान होते, म्हणून पाऊण तास तसेच थांबलो. आई दगडावर पंचा अंथरून बसली होती आणि लेक सारखे पाणी मागत होती. आमच्या पुढचा तोच टेम्पोवाला आरशात आम्हाला थांबलेले पाहून वरच्या वळणावर थांबला, पाण्याचा कॅन घेऊन चालत खाली आला, नळी जागेवर बसवून तारेने आवळून दिली आणि पैसे घेतले नाहीत. गोव्याच्या बाजारात येणारी बहुतेक भाजी ज्यांच्या टेम्पोतून हा घाट उतरून येते, त्यांच्यापैकीच तो एक होता. त्या दिवसापासून मे महिन्यात घाट सकाळी नऊच्या आत चढून संपवायचा, नाही तर चढायचाच नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. दुपारनंतरही तो चढू नये, कारण मेच्या उत्तरार्धात घाटमाथ्यावर तीन-चार वाजल्यानंतर वळीव कोसळण्याचा संभव असतो. वारा सुटतो, फांद्या पडतात आणि उन्हाने तापलेल्या रस्त्यावर पहिल्या सरीत चाके घसरतात.

किनाऱ्याच्या वाटेबद्दल बोलताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. पत्रादेवीची हद्द ओलांडून बांदा, कुडाळ, कणकवली असा जो राष्ट्रीय महामार्ग ६६ जातो, त्यालाच पुष्कळजण किनाऱ्याचा रस्ता समजतात. तो कोकणातून जातो हे खरे, पण सिंधुदुर्ग जिल्ह्यात तो समुद्रापासून बराच आत, सह्याद्रीच्या बाजूने जातो आणि त्यावरून समुद्र कुठेही दिसत नाही. चौपदरीकरणात कडेची जुनी झाडे गेली. आता तो सिमेंटचा रस्ता दुपारी नुसता तळपत असतो, आणि समुद्राचे खारे वारेही तिथपर्यंत जोर धरून पोहोचत नाहीत. घाईचे काम असेल तर त्या रस्त्याला तोड नाही. पण उन्हाळ्यात किनारा पाहायला म्हणून कोणी त्या वाटेने गेला, तर त्याला किनाऱ्याचा उकाडा तेवढा मिळेल, वारा मिळणार नाही.

खरी किनाऱ्याची वाट म्हणजे सागरी मार्ग. रेडीपासून रेवसपर्यंत गावागावांना जोडत जाणारा हा रस्ता अनेक ठिकाणी एकपदरी आहे, वळणावळणांचा आहे, आणि त्याचे गणित किलोमीटरमध्ये मांडता येत नाही. ते खाड्यांमध्ये मांडावे लागते. तेरेखोल, मोचेमाड, कर्ली, कोळंब, कालावल, आचरा: दर खाडीपाशी रस्ता जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळपठारावरून, खाली उतरतो, काजूच्या आणि मग माडा-पोफळींच्या सावलीत शिरतो, पूल ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. सड्यावर ऊन रणरणत असते, खाली उतरले की तीन-चार अंशांनी हवा गार झाल्यासारखी वाटते. इंजिनाला सलग मोठा चढ नसतो. परंतु ज्याला गाडी लागते त्याच्या दृष्टीने हा चढउतार घाटापेक्षा सोपा आहे, असे मुळीच नाही, हे मी लेकीच्या अनुभवावरून सांगतो. घाटात मळमळ तासाभरात आटोपते. सागरी मार्गावर ती दिवसभर थोडी थोडी सोबत येते. आम्ही तिला पुढच्या सीटवर बसवले, आमसुलाचा तुकडा तोंडात ठेवायला दिला, आणि दर खाडीपाशी गाडी थांबवून पाच मिनिटे पायी पूल ओलांडायला लावले. पायी पूल ओलांडण्याचा उपाय सर्वांत लागू पडला.

शेवटी निर्णय आईने केला. तिचे माहेर देवगड तालुक्यातल्या मिठबावला, आणि सहा वर्षांत ती तिकडे गेली नव्हती. आमची चर्चा ऐकून घेऊन एके रात्री ती जेवता जेवता म्हणाली, "माका दर्याच्या वाटेनच घेवन चल. घाट काय, परतताना आसाच." त्यानंतर बोलण्यासारखे काही उरले नाही. जाताना दर्या, येताना घाट, असे ठरले.

गाडीचे पेट्रोल फोंड्यातच भरले, कारण महाराष्ट्रापेक्षा ते गोव्यात स्वस्त पडते आणि सागरी मार्गावर पंप लांब लांब आहेत. पहाटे साडेपाचला निघालो. अटल सेतूवरून मांडवी ओलांडून म्हापसा, मग शिवोली, आणि शापोरा नदीवरचा पूल ओलांडून चोपडे. इथून जवळच आगरवाडा आहे. आगरवाड्याची मिठागरे पावसापूर्वीच्या अखेरच्या दिवसांत पाहावीत. चौकोनी वाफ्यांतले पाणी आटत आलेले असते, काठावर करड्या-पांढऱ्या मिठाचे ढीग असतात आणि रस्त्याच्या कडेला मीठ विकायला मांडलेले असते. आईने खाली उतरून चिमूटभर मीठ तळहातावर घेतले, अंगठ्याने चोळून खडा फुटतो कसा ते पाहिले, जिभेवर ठेवले आणि पुरुमेंतासाठी मोठी पिशवी भरून घेतली. गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी मेमध्ये करतात, तिला पुरुमेंत म्हणतात. लग्नाला जाणारी गाडी निघाल्यापासून दीड तासातच बेगमीची गाडी झाली.

केरीला पोहोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. गाडी फेरीबोटीवर चढवली, हातब्रेक ओढला आणि सगळे खाली उतरून कठड्यापाशी उभे राहिलो. पलीकडे तेरेखोलचा किल्ला दिसतो. नदीच्या उत्तर तीरावर असूनही तो गोव्याचा भाग आहे. फेरीबोट चुकली किंवा बंद असली तर किरणपाणी-आरोंद्याचा पूल आहे. पण आईच्या चेहऱ्यावर त्या काही मिनिटांत जो वारा लागत होता, त्याच्यासाठी मी अर्धा तासही थांबलो असतो.

रेडीवरून शिरोडा. इथल्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, हे लेकीला सांगितले तेव्हा तिने मागे ठेवलेल्या मिठाच्या पिशवीकडे वळून पाहिले. वेंगुर्ल्यात नाश्ता केला. तिथल्या फळ संशोधन केंद्राने तयार केलेल्या काजूच्या जाती आज आमच्या फोंडा-सत्तरीच्या बागांतही आहेत, त्यामुळे त्या गावाविषयी मला कृतज्ञता वाटते, परंतु थांबायला वेळ नव्हता. परुळे, चिपी करीत कर्लीच्या खाडीवरचा पूल ओलांडला आणि साडेअकराच्या सुमारास मालवणला आलो. सिंधुदुर्ग किल्ला लेकीला किनाऱ्यावरूनच दाखवला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. भर दुपारी होडीने जाऊन तटावर फिरणे आईला झेपणारे नव्हते आणि तिला एकटीला काठावर बसवून जाणे मला पटले नाही. किल्ला पाहायचा असेल तर मालवणला रात्री मुक्काम करावा आणि सकाळच्या पहिल्या होडीने जावे.

बारा ते तीन गाडी चालवायची नाही, हा दुसरा नियम. मालवणात एका घरगुती खानावळीत जेवलो. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात ताजे मासे मिळण्याचे हे शेवटचे दिवस असतात आणि सगळ्या किनाऱ्यावर त्याची लगबग दिसते. जेवणानंतर खानावळीच्या माजघरात चटई टाकून आई आणि लेक दोन तास झोपल्या. खिडकीतून वारा आत येत होता. समुद्रावरून सुटलेला हा दुपारचा वारा किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात चांगला लागतो, आणि पत्नीने किनाऱ्याच्या उकाड्याविषयी घेतलेला आक्षेप त्या दुपारपुरता तरी तिने स्वतःहून मागे घेतला.

मिठबावला पोहोचायला साडेचार वाजले. एकूण अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि लागलेले तास अकरा. तेवढ्या वेळात घाटाच्या वाटेने कोल्हापूरला जाऊन परत फोंड्याला येता आले असते. हा हिशेब मी लपवीत नाही, कारण सागरी मार्गाची शिफारस करणारे बहुतेक लोक तो सांगत नाहीत आणि मग घाईत गेलेल्या माणसाचा विरस होतो.

मामांच्या घरासमोरच्या खळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, वाळत घातले होते. मामी आता नाहीत. मोठ्या मामेभावाची सून ते काम पाहते. रातांबा फोडून बी आणि गर वेगळा करायचा, साल उन्हात टाकायची, संध्याकाळी ती रातांब्याच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. असे अनेकदा केल्यावर साल काळसर, मऊ आणि चिकट होते, तेव्हा तिचे आमसूल होते. आई गाडीतून उतरून सरळ खळ्यात गेली, चटईच्या कडेला बसली आणि कोणी काही म्हणण्याच्या आत साली उलटायला लागली. तिची बोटे लाल झाली. तिच्या गुडघ्यांचे काय झाले, हे मी विचारले नाही. वरच्या अंगणात हापूसचे शेवटचे आंबे होते. पेटीत भरायच्या प्रतीचे आधीच गेलेले, उरलेले कॅनिंगला जायचे. घरातल्यांच्या मते गोडीला हेच चांगले. आम्ही बरोबर मानकुराद नेले होते. रात्री दोन्ही आंबे कापून शेजारी शेजारी ठेवले गेले आणि श्रेष्ठ कोण यावर जी चर्चा झाली ती निकालाविनाच संपली. मी मानकुरादच्या बाजूने बोललो आणि आजही माझे मत तेच आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुणकेश्वराचे दर्शन घेतले. देऊळ अगदी समुद्राच्या काठावर आहे, सूर्य उगवण्याआधी फरशी गार असते आणि लाटांचा आवाज सभामंडपापर्यंत येतो. तिथून देवगड-निपाणी मार्गाला लागलो. हा रस्ता नांदगावला महामार्ग ओलांडून घाटाच्या पायथ्याच्या गावी जातो आणि त्या गावाचे नावही फोंडा. आपल्याच गावाचे नाव लिहिलेली पाटी परक्या जिल्ह्यात पाहून लेकीला फार आनंद झाला. घाट चढताना नऊ वाजले नव्हते, काटा मधोमध स्थिर होता. वर दाजीपूरचे जंगल लागते. गव्यांसाठी १९५८ साली राखलेले हे महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य, आज राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाते. गवा दिसला नाही. परंतु काचा खाली केल्यावर जी कोरडी, पानांचा वास असलेली हवा आत आली, तिने दोन दिवसांचा चिकटपणा उतरला. राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी हाती घेतले, त्याच पाण्यावर पुढचा ऊस उभा आहे, आणि त्या उसातून रस्ता कोल्हापूरला जातो. बारा वाजता मांडवात होतो.

परतीचा प्रवास ठरल्याप्रमाणे चोर्ल्याने केला आणि त्याबद्दल थोडक्यातच लिहिण्यासारखे आहे, कारण तो चांगला झाला. सकाळी सहाला कोल्हापूर सोडले, बेळगावात कुंदा आणि कांदे घेतले, कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी पंधरा मिनिटे थांबलो. घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर गाडी ठेवली, चढणाऱ्या वाहनांना आधी जाऊ दिले, आणि केरी येईपर्यंत ब्रेक गरम झाल्याचा वास आला नाही. खाली पोहोचताच ओल्या उकाड्याची झळ काचेतून आत आली. झोपलेली आई जागी झाली, पाटी वाचून तिने विचारले, "केरी? मगे फेरीबोट खंय?"

ज्यांनी मला विचारले त्यांना माझे उत्तर असे आहे. एका दिवसात पोहोचायचे असेल, लग्नाचा मुहूर्त सकाळचा असेल, गाडीत तान्हे मूल असेल, तर सत्तरीच्या केरीने जावे आणि पहाटे पाचच्या आत निघावे. हाताशी एक रात्र असेल आणि त्या वाटेवर कोणाचे तरी घर असेल, तर पेडण्याच्या केरीने जावे. पण ५ जूनच्या आसपास गोव्यात मोसमी पाऊस येतो, म्हणून मेचा तिसरा आठवडा ओलांडू देऊ नये. फक्त हॉटेलांच्या भरवशावर मेमध्ये सागरी मार्ग करायचा तर दुपारी टेकायला सावलीची जागा आधी ठरवून ठेवावी. त्यासाठी मालवण सोयीचे.

यंदा लग्न नाही आणि कोल्हापूरही नाही. आम्ही मिठबावपर्यंतच जाऊन परत येणार आहोत, दोन रात्रींसाठी. ब्रेकचे पॅड बदलून घेतले आहेत, कूलंटच्या नळ्या या वेळी मी स्वतः हात लावून पाहिल्या, आणि आईने आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, आणण्यासाठी दोन रिकाम्या बरण्या धुऊन आतापासूनच उन्हात ठेवल्या आहेत.